परदेशातली सायकल: विकावी, आणावी की सोडून यावी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०२३ च्या सप्टेंबरात आम्ही नवरा-बायको डॅन्यूब नदीच्या काठाकाठाने जर्मनीतल्या पासाउहून ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नाला सायकलवर गेलो. साधारण सव्वातीनशे किलोमीटर, बारा दिवस, दोघांचं वय मिळून एकशे नऊ. परत आल्यावर प्रवास कसा झाला हे फारसं कोणी विचारलं नाही. "मग सायकलींचं काय केलंत?" हे मात्र दूधवाल्यापासून चुलत जावेपर्यंत सगळ्यांनी विचारलं, आणि आता जाऊ इच्छिणारे अनोळखी लोकही विचारतात. नवरा स्वतःची सायकल कोथरूडहून घेऊन गेला होता, मी पासाउला जुनी विकत घेतली. त्यामुळे दोन्ही बाजूंचा अनुभव एकाच घरात आहे, आणि त्यावरची भांडणंही.

आधी एका वाक्यात सांगा. आणायची की नाही?

एखाद्या साध्या मंगळवारी, पुण्यातल्या रस्त्यावर, कोथिंबीर आणायला तुम्ही ती बाहेर काढणार असाल तर आणा, नाहीतर नको.

लोक हिशेब किमतीचा करतात. "अहो, तिथं ती इतक्या युरोंना घेतली, टाकून कशी येऊ?" पण ते युरो तिथं वापरून झालेले असतात. ज्या बारा दिवसांसाठी ते दिले ते बारा दिवस मिळाले. आता प्रश्न आहे तो पुढच्या बारा वर्षांचा, आणि ती वर्षं कर्वे रस्त्यावर काढायची आहेत, नदीकाठच्या गुळगुळीत वाटेवर नाहीत. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये परदेशातून हौसेने आणलेल्या तीन सायकली आहेत. एक जर्मन, एक तैवानी, आणि तिसरी कुठली ते धुळीमुळे वाचता येत नाही.

आम्ही ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल फेऱ्या, करतो. आम्हालाही हेच लागू का?

नाही. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसला जाणाऱ्यांनी हे पान बंद केलं तरी चालेल. १,२०० किलोमीटर नव्वद तासांत काढायचे तर सीटची उंची, हँडलचं अंतर आणि स्वतःच्या बुडाला सवयीचं झालेलं सॅडल यात तडजोड नसते. तिथं स्वतःचीच सायकल न्यायची आणि स्वतःचीच परत आणायची. २०२३ नंतरची पुढची पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस २०२७ मध्ये आहे. तयारीला लागलेल्यांनी फक्त खोक्याबद्दलचं उत्तर वाचा.

हा विचार करायचा कधी?

निघायच्या आधी. शेवटच्या दिवशी हॉटेलच्या अंगणात उभं राहून घेतलेला निर्णय हा निर्णय नसतो, ती दमणूक असते.

सायकल मिळवायचे मार्ग तीन: पुण्याहून न्यायची, तिथं विकत घ्यायची, किंवा भाड्याने घ्यायची. प्रत्येकाचा शेवट सुरुवातीलाच ठरलेला असतो, आपण तो बघत नाही एवढंच. दहा-बारा दिवसांचा आणि ठरलेल्या वाटेचा प्रवास असेल तर माझं मत भाड्याच्या बाजूने आहे. पासाउला सायकल घेऊन व्हिएन्नाला सोडता येते, अशी सोय देणारे व्यावसायिक तिथं आहेत. जपानमध्ये शिमानामी कायदोवर, म्हणजे ओनोमिचीपासून इमाबारीपर्यंतच्या सत्तरेक किलोमीटरच्या बेटाबेटांवरून जाणाऱ्या वाटेवर, एका टोकाला घेतलेली भाड्याची सायकल दुसऱ्या टोकाला परत करता येते. मग "सायकलीचं काय केलंत" या प्रश्नाला उत्तर एका शब्दाचं: परत.

महिनाभर किंवा त्याहून जास्त फिरायचं असेल तर भाडं अंगावर येतं. तिथं जुनी विकत घेऊन शेवटी विकणं परवडतं. मी १८० युरोंना घेतली, ११० ला विकली. सत्तर युरोंत बारा दिवस. नवऱ्याने मात्र स्वतःची न्यायला आणि आणायला विमान कंपनीला त्याच्या दुप्पट मोजले, आणि हा विषय आमच्याकडे जेवताना काढत नाहीत.

तिथंच विकायची तर कशी विकायची?

घेतानाच विकायची तयारी करायची. दुकानातून जुनी घेत असाल तर त्याच दुकानदाराला विचारा, शेवटी परत घेशील का आणि कितीला. हो म्हणाला तर पावतीवर लिहून घ्या. अर्थात हे तेव्हाच कामाचं, जेव्हा तुम्ही फिरून त्याच गावात येणार असता. आम्ही येणार नव्हतो.

पावती जपा. युरोपात सायकलचोरी इतकी आहे की शहाणा माणूस कागद बघितल्याशिवाय जुनी सायकल घेत नाही. सायकलच्या खाली, पेडलच्या आसाजवळ, सांगाड्यात एक नंबर कोरलेला असतो. सायकल उलटी करून त्याचा फोटो पहिल्याच दिवशी काढून ठेवा. विकताना पावती आणि हा नंबर जुळला की समोरच्याचा चेहरा सैल होतो.

जाहिरातीसाठी प्रत्येक देशाची आपली जागा आहे: ऑस्ट्रियात विलहाबेन, जर्मनीत क्लाइनआन्त्साइगन, नेदरलँड्समध्ये मार्क्टप्लाट्स. आपल्या ओएलएक्ससारखंच, फक्त "लास्ट प्राइस?" असं त्या त्या भाषेत येतं. जाहिरात शेवटच्या दिवशी टाकू नका. शेवटच्या शहरात पोचायच्या चार-पाच दिवस आधी टाका आणि कुठल्या तारखेला सायकल हातात मिळेल ते स्पष्ट लिहा. मोसमाचाही फरक पडतो. सप्टेंबरच्या शेवटी व्हिएन्नात सायकलला गिऱ्हाईक मिळतं, कारण ऑक्टोबरात विद्यापीठाचं सत्र सुरू होतं आणि बाहेरगावची मुलं स्वस्त सायकल शोधत असतात. हीच सायकल डिसेंबरात विकायला काढली असती तर बर्फाकडे बघत बसलो असतो.

माझी सायकल अशाच एका मुलीने घेतली. आली, पुढचं चाक उचलून गरागरा फिरवलं, रिम ब्रेकला घासते का ते कान लावून ऐकलं, चेनला बोट लावून काळं बघितलं आणि एकदा रस्त्याच्या टोकापर्यंत चालवून आली. पैसे काढता काढता तिचं लक्ष घंटीकडे गेलं. ती मी पुण्याहून नेली होती, पेठेतल्या दुकानातली, पितळी झाकणाची, अंगठ्याने दांडी ओढली की ट्रिंग-ट्रिंग करणारी. नवरा ती सोडवायला पाना घेऊनच उभा होता. ती म्हणाली, घंटीसकट देणार असाल तर पाच युरो जास्त देते. मी दिली. पाच युरो घेतले नाहीत, याबद्दल नवऱ्याचं मत वेगळं आहे.

जपानमध्ये सायकल विकत घेतली तर?

तिथं सायकलची चोरीविरोधी नोंदणी कायद्याने सक्तीची आहे आणि ती मालकाच्या नावावर असते. पोलीस रस्त्यात थांबवून नंबर तपासू शकतात. त्यामुळे विकताना नुसते पैसे घेऊन किल्ली देणं पुरत नाही, नोंदणी रद्द करणं किंवा नव्या मालकाला हस्तांतराचा कागद देणं तुमच्याकडे लागतं. सायकल घेतली त्या दुकानातच हे काम कसं करायचं ते विचारून ठेवा. फेकायची झाली तरी मोठ्या कचऱ्याचं शुल्क भरून, त्याची चिठ्ठी चिकटवून, ठरलेल्या दिवशी बाहेर ठेवावी लागते. थोड्या दिवसांसाठी एवढा व्याप करू नका. भाड्याची घ्या.

स्टेशनबाहेर लावून गुपचूप निघून आलं तर कोणाला कळतंय?

कोणाला कळत नाही, पण करू नका. ॲमस्टरडॅममध्ये महापालिका अशा बेवारस सायकली उचलून नेते, त्यांचं मोठं आगारच आहे. तुमचा आळस तिथल्या करदात्याच्या पैशाने उचलला जातो. आपल्याकडे सोसायटीच्या जिन्याखाली कोणी तरी सायकल सोडून गेलं की आपण सभेत काय बोलतो ते आठवा.

द्यायचीच असेल तर माणसाला द्या. राहिलेल्या होस्टेलच्या मालकाला विचारा. पाहुण्यांना वापरायला सायकल लागतेच. वॉर्मशॉवर्सवर, म्हणजे सायकलप्रवाशांना घरी उतरवून घेणाऱ्यांच्या जाळ्यावर, तुमचे यजमान असतील तर त्यांच्या गॅरेजमध्ये पुढच्या प्रवाशासाठी ती आनंदाने उभी राहते. कुलूप आणि किल्ली सोबत द्यायला विसरू नका. आमच्या ओळखीतले एक काका सायकल देऊन आले आणि तिन्ही किल्ल्या पुण्यात घेऊन आले.

जहाजाने किंवा कुरियरने पाठवली तर स्वस्त पडेल का?

नाही. एका सायकलसाठी तर नाहीच. शिवाय कुरियरने आलेली वस्तू तुमचं सामान धरली जात नाही, आयात धरली जाते, आणि ड्युटीचा हिशेब वेगळा होतो. कायमचं बिऱ्हाड परत हलवत असाल आणि कंटेनरमध्ये जागा उरली असेल तर गोष्ट निराळी.

विमानातून आणायची ठरली. खोकं कुठून आणायचं?

कुठल्याही सायकलच्या दुकानातून, फुकट. नवीन सायकली पुठ्ठ्याच्या ज्या खोक्यातून येतात ती दुकानदाराला डोईजड झालेली असतात. फक्त दोन दिवस आधी जाऊन "एक ठेवा" म्हणून सांगा, नाहीतर तुम्ही पोचता त्या सकाळीच रद्दीची गाडी येऊन गेलेली असते. जाताना हेच पुण्यात करा. त्याच दुकानातून प्लास्टिकचा एक दांडा मागून घ्या, नव्या सायकलच्या पुढच्या फोर्कमध्ये बसवलेला असतो आणि दुकानदार फेकून देतात. पुढचं चाक काढल्यावर फोर्कच्या दोन टोकांत तो बसवला की खोक्यावर कोणी बॅगा रचल्या तरी फोर्क दबत नाही.

बाकी क्रम असा ठेवा. पेडल, सीट, पुढचं चाक काढा. हँडल सोडवून सांगाड्याला समांतर बांधा. मागचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग, स्क्रू काढून सोडवा आणि फडक्यात गुंडाळून चेनसकट आत, मागच्या चाकाच्या तारांजवळ बांधून टाका. ही शेवटची पायरी लोक कंटाळून गाळतात. नवऱ्यानेही गाळली. मुंबईला खोकं पट्ट्यावरून आलं तेव्हा त्याचा एक कोपरा ओल्या पापडासारखा झाला होता आणि आतला डिरेलरचा हँगर आत वळला होता. हँगर म्हणजे डिरेलर ज्याला लटकतो तो ॲल्युमिनियमचा छोटा तुकडा. तो मुद्दाम मऊ केलेला असतो, म्हणजे सांगाड्याऐवजी तो वाकावा. प्रत्येक सायकलचा हँगर वेगळा असतो आणि पुण्यात नेमका आपला मिळेपर्यंत सायकल नुसती उभी राहते. एक जास्तीचा सोबत ठेवा, खिशात मावतो.

डिस्क ब्रेक असतील तर चाक काढल्यावर ब्रेकच्या पॅडमध्ये प्लास्टिकची चिप किंवा जाड पुठ्ठ्याची घडी घाला. वाटेत कोणाचा हात ब्रेकवर पडला की हायड्रॉलिकचे पॅड एकमेकांना चिकटतात आणि मग चाक आत जातच नाही.

पेडल निघतच नाही. काय करू?

डावं पेडल असणार. त्याची आटी उलटी असते. व्हिएन्नाच्या हॉटेलच्या अंगणात नवरा अर्धा तास डाव्या पेडलशी झगडत होता, म्हणजे दर झटक्याला ते आणखी घट्ट करत होता. शेवटी हॉटेलचा झाडलोट करणारा माणूस आला, त्याने पाना काढून दुसऱ्या दिशेने लावला आणि एका हिसक्यात सोडवून, काही न बोलता, पुन्हा झाडू हातात घेतला. लक्षात ठेवायची युक्ती: पाना वरच्या दिशेने उभा धरा आणि मागच्या चाकाकडे ओढा. दोन्ही बाजूंची पेडलं तशीच सुटतात. पाना पंधरा नंबरचा लागतो, काहींना सहा किंवा आठची एलन की. बसवताना आटीला बोटभर ग्रीस लावा, पुढच्या वेळेस झाडूवाल्याला बोलवावं लागणार नाही.

वजन किती चालतं?

बऱ्याच विमान कंपन्यांच्या इकॉनॉमी तिकिटावर एका नगाला २३ किलो, आणि जास्तीचे पैसे भरले तरी एका नगाला ३२ किलोच्या वर घेत नाहीत, कारण तो उचलणाराही माणूसच असतो. कॅरियर, मडगार्डसकट टूरिंगची सायकल १४-१५ किलोची आणि खोकं चार-पाच किलोचं, म्हणजे २३ मध्ये बसते. उरलेल्या जागेत हेल्मेट आणि झोपायची पिशवी कोंबा, चॉकलेटं नकोत. खरी अडचण मापाची असते. साध्या बॅगेची लांबी, रुंदी, उंची मिळून १५८ सेंटिमीटर धरतात आणि सायकलचं खोकं त्यात कधीच बसत नाही. म्हणून सायकल "क्रीडा साहित्य" म्हणून आधीच नोंदवा आणि नोंदवल्याचा मेल छापून जवळ ठेवा. काउंटरवरच्या व्यक्तीला हे माहीत असेलच असं नाही.

आणखी एक खड्डा: परदेशातून दिल्लीला येऊन पुढे पुण्याचं तिकीट वेगळं काढलं असेल तर त्या देशांतर्गत टप्प्यावर सहसा १५ किलोच मिळतात. सगळा प्रवास एकाच तिकिटावर ठेवा.

टायरमधली हवा पूर्ण काढावी लागते का? नाहीतर विमानात फुटतो म्हणतात.

फुटत नाही. सामानाच्या कप्प्यातही हवेचा दाब राखलेला असतो. टायरच्या बाहेरचा दाब थोडा कमी होतो एवढंच. साठ पीएसआय भरलेला टायर साधारण चौसष्टसारखा वागतो. पण काउंटरवर भौतिकशास्त्र समजावत बसू नका. निम्मी हवा काढा. सगळी काढली तर रिमला धक्का लागतो.

ई-बाइक आणता येईल?

तिची बॅटरी आणता येणार नाही. १६० वॅट-तासांच्या वरची लिथियम बॅटरी प्रवाशाला विमानात नेता येत नाही आणि ई-बाइकची बॅटरी बहुतेक वेळा त्याच्या दुपटी-तिपटीची असते. बॅटरीविना आणून इथं काय करणार? भाड्याने घ्या.

कस्टममध्ये अडवतात का?

स्वतःची सायकल पुण्याहून नेत असाल तर जातानाच, चेक-इन करण्याआधी, विमानतळावरच्या कस्टमकडे जाऊन एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घ्या. त्यावर वर्णन आणि सांगाड्याचा नंबर येतो, आणि येताना ही वस्तू इथूनच गेली होती हे सिद्ध होतं. त्यासाठी खोकं उघडावं लागू शकतं, म्हणून चिकटपट्टीचं एक रीळ हातातल्या बॅगेत ठेवा आणि तासभर आधी पोचा. नवऱ्याला हा सगळा प्रकार अतिरेकी वाटला होता. परत येताना अधिकाऱ्याने खोक्याकडे बोट करून "यात काय?" विचारलं आणि कागद बघून दोन मिनिटांत सोडलं, तेव्हा तो कागद जणू स्वतःच काढायला लावला अशा थाटात नवरा बाहेर आला.

तिथं विकत घेतलेली आणत असाल तर ती तुमच्या ड्युटीमुक्त मर्यादेत मोजली जाते. २०१६ च्या बॅगेज नियमांत नेपाळ, भूतान, म्यानमार सोडून इतर देशांतून विमानाने येणाऱ्या भारतीय रहिवाशाला ही मर्यादा ५०,००० रुपये होती. असे आकडे अर्थसंकल्पागणिक हलतात, तेव्हा निघण्याआधी कस्टमच्या संकेतस्थळावर चालू आकडा बघा. मर्यादेच्या वर जात असेल तर लाल मार्गाने, म्हणजे ड्युटी लागणारं सामान असणाऱ्यांच्या रांगेने, जा आणि पावती दाखवा. जुनी सायकल असेल तर जुन्या किमतीची पावती हाच तुमचा आधार. कस्टम सहसा होतं ते देशात पहिल्यांदा उतरता तिथं, म्हणजे मुंबईला किंवा दिल्लीला.

मुंबई विमानतळावरून पुण्याला खोकं कसं आणायचं?

साध्या टॅक्सीच्या डिक्कीत ते जात नाही. मागची सीट पाडता येणारी मोठी गाडी सांगा, किंवा वर कॅरियर असलेली, आणि दोर स्वतःचा ठेवा. बसच्या पोटात जातं, पण ते चालकाच्या मर्जीवर. रेल्वेने आणायची तर पार्सल किंवा लगेज ऑफिसात नोंदवून ब्रेकव्हॅनमध्ये टाकता येते. नाव, फोन नंबर आणि "पुणे" असं खोक्याच्या दोन्ही बाजूंना ठळक लिहा.

काही उत्साही मंडळी विचारतात, तिथंच खोकं उघडून चालवत आलो तर? द्रुतगती मार्गावर सायकलला बंदी आहे. जुन्या रस्त्याने खोपोलीहून खंडाळ्यावर चढता येतं. रात्रभराच्या विमानप्रवासानंतर ज्यांना बोरघाट चढावासा वाटतो त्यांना माझ्या सल्ल्याची गरज नाही.

नेदरलँड्समधली ती छान काळी उंच सायकल आणू का? आजोबांच्या सायकलसारखी दिसते.

दिसते खरी. पण ती वीस किलोच्या आसपास असते आणि जिथं चढच नाही तिथं जन्मलेली असते. नेदरलँड्सच्या मुख्य भूमीवरचा सगळ्यात उंच माथा, व्हाल्सरबर्ग, ३२२ मीटरचा आहे. आपला लकडी पूल त्याहून बराच उंचावर आहे. तीन गिअरच्या त्या सायकलवर चांदणी चौकाचा चढ चढून बघा. बऱ्याच सायकलींचा मागचा ब्रेक उलटं पेडल मारून लागतो. सिग्नलला पेडल सोयीच्या जागी आणायला म्हणून पाय मागे घ्यायची आपली सवय, आणि सायकल गपकन थांबते.

आता टायरची गंमत ऐका. तिथल्या टायरवर अठ्ठावीस इंच लिहिलेलं असतं, आणि आपल्या जुन्या काळ्या सायकलीही अठ्ठावीस इंचीच. पण दोन्ही अठ्ठावीस एक असतीलच असं नाही. युरोपातल्या आजच्या बहुतेक सायकलींच्या रिमचा व्यास ६२२ मिलिमीटर, आपल्या जुन्या दीड इंची जाड टायरवाल्या सायकलीचा ६३५. तेरा मिलिमीटरने टायर सैल. म्हणून टायरच्या बाजूला बारीक अक्षरात छापलेला ३७-६२२ असा आकडा वाचा आणि दुकानात तोच सांगा. ६२२ म्हणजेच आपल्याकडचं ७००सी, ते पुण्यात कुठल्याही बऱ्या दुकानात मिळतं. व्हॉल्वच्या बाबतीत मात्र नशीब उलटं आहे. बऱ्याच डच सायकलींचा व्हॉल्व आपल्या जुन्या सायकलींच्याच जातीचा, कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याच्या ओळखीचा असतो. अडतो तो रोड बाइकचा बारीक उंच प्रेस्टा व्हॉल्व. त्याच्यावर फिरवून बसवायचा पितळी अडॅप्टर घेऊन किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवून टाका, मग कुठल्याही पेट्रोल पंपावर हवा भरता येते.

आणली. आता भिंतीवर टांगली तर छान दिसेल ना?

दिसेल. पहिला महिना. मग तिच्या हँडलला ओले नॅपकिन लागतात.

टांगून ठेवायचीच असेल तर आधी धुवून, कोरडी करून, चेनला तेल देऊन टांगा, नाहीतर पुण्याच्या एका पावसाळ्यात चेनवर तांबूस पूड धरते. ट्यूबलेस टायरमधलं सीलंट, म्हणजे पंक्चर बुजवणारं द्रव, आपल्या उन्हाळ्यात काही महिन्यांत वाळून खडखडतं. टायर हवा जाऊन बसलेला ठेवू नका, महिन्यातून एकदा हवा भरा. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे ती खाली काढून खडकवासल्यापर्यंत चालवून आणणं.

पुण्यात विकायची तर किंमत किती येते?

तुमच्या मनात असते त्याहून कमी. इथल्या गिऱ्हाइकाला "जर्मनीहून आणली" याचं कौतुक वाटतं, पण पैसे तो सुटे भाग इथं मिळतात का हे बघून देतो. शिमानोचे गिअर-ब्रेक असतील तर प्रश्न नाही. कुठल्या तरी तिकडच्या कंपनीचं हबमधलं, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यातलं, गिअर असेल तर मिस्त्री हात वर करतो आणि गिऱ्हाईकही. सायकलवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सांगाड्याचं माप, पावती, नंबर आणि दिवसाच्या उजेडात काढलेले फोटो टाका. सिंहगडाच्या पायथ्याशी काढलेला एक फोटो असू द्या, विश्वास बसतो की ती चढते. रविवार-बुधवारच्या जुन्या बाजारात नेऊ नका, तिथं ती किलोवर जाईल. आणि कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचं सायकल संग्रहालय आहे, तिथं जरूर जा, पण बघायला. तुमच्या २०२१ च्या हायब्रीडला तिथं जागा मागू नका.

गावाकडच्या शाळकरी मुलीला दिली तर?

भावना चांगली आहे, वस्तू चुकीची. अकरा गिअरची चेन तुटली तर वेल्ह्यात ती जोडायला कोणी नाही, आणि नवी आणायला पुण्याला यावं लागतं. पहिल्या बिघाडापर्यंतची ती भेट असते, नंतर गोठ्याशेजारची अडगळ. शाळेत जायला लागते ती बिनगिअरची, मागे दणकट कॅरियर असलेली, गावातल्या पंक्चरवाल्याला पाठ असलेली सायकल. तुमची विका आणि त्या पैशात अशा दोन-तीन घेऊन द्या. आमच्या कामवाल्या मावशींच्या नातीला नवऱ्याची सायकल द्यायचं मी एकदा ठरवलंही होतं. तीच म्हणाली, "काकू, त्याला मागं बसायला काहीच नाही." लहान भावाला सोडून ती पुढे शाळेत जाते, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

विकवत नाही. काय करू?

मग विकू नका. वर्षभर थांबा. वर्षात ती किती वेळा खाली उतरली ते घरातल्या दुसऱ्या माणसाला विचारा, स्वतःला नको.

तुमच्या दोन्ही सायकलींचं शेवटी काय झालं?

नवऱ्याच्या सायकलला नवा हँगर बसला, त्यात सहा आठवडे गेले. पुढे त्याने तिला एक लोखंडी टोपली लावली, जी तिला मुळीच शोभत नाही, आणि आता ती मंडईपर्यंत जाते. रविवारी पाषाणला.

माझी व्हिएन्नात आहे. त्या मुलीचा मधूनमधून निरोप येतो. पहिला हिवाळा संपल्यावर तिने फोटो पाठवला होता: दोन्ही टायर नवे, सीटवर प्लास्टिकची पिशवी, आणि पितळी घंटी काळपट पडलेली. खाली लिहिलं होतं, घंटीची दांडी अडकते, कुठलं तेल घालू? नवरा म्हणाला, सांग तिला, पाच युरो पडतील. मी लिहिलं: शिवणाच्या मशीनचं, दोन थेंब, आणि झाकण आधी उलटं फिरवून काढ.